उधारीच्या वहीतलं दुकान

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या गावचं तुमचं किराणा दुकान येत्या दिवाळीनंतर बंद होतंय. पणजोबांचा तेलाचा घाणा होता, त्यातून आजोबांनी दुकान काढलं. पाटीवर ‘स्थापना १९३८’ लिहिलंय. माळ्यावरून दोन लोखंडी पेट्या भरून वह्या निघाल्या. वडील म्हणतात रद्दीवाल्याला देऊन टाकू. तुम्हाला दुकानाचा इतिहास लिहायचा आहे, पण लिपी वाचता येत नाही आणि सुरुवात कुठून करावी तेही कळत नाही.

पेट्या देऊ नका, एवढं आधी सांगतो. बाकीचं सावकाश.

मी कारंज्याकडचा. तेहतीस वर्षं दुकानाच्या गादीवर बसलो. आता मुलगा बसतो, आणि मी दुसऱ्यांच्या घरच्या जुन्या वह्या वाचून देतो. मोडी वडिलांनी शिकवली, तीही दुपारच्या सुस्त वेळात गिऱ्हाईक नसताना. त्यामुळे माझं वाचन दुकानदाराचं आहे, इतिहासाच्या प्राध्यापकाचं नाही. पण वहीत काय लिहितात, काय मुद्दाम लिहीत नाहीत आणि कोणत्या ओळीला हात थरथरतो, हे दुकानदारालाच जास्त कळतं.

पाटीवरच्या सालावर विसंबू नका. आमच्याकडे पाट्या रंगल्या त्या बहुतेक स्थापनेनंतर वीस-तीस वर्षांनी. पेंटरनं विचारलं, शेठ, साल काय टाकू? शेठनं आठवून सांगितलं. कोणी वडिलांच्या लग्नाचं साल सांगितलं, कोणी भावाभावांची वाटणी झाली ते. आमच्या स्वतःच्या पाटीवरचं साल हे आजोबा वेगळे निघाल्याचं साल आहे. त्याआधी नऊ वर्षं दुकान थोरल्या आजोबांच्या नावानं चाललं होतं, आणि हे मला वही वाचेपर्यंत माहीत नव्हतं. म्हणून सगळ्यात जुनी वही काढा आणि तिच्या पहिल्या खात्याकडे पाहा. ‘भांडवल’ म्हणून रोख रक्कम जमा दिसली तर दुकान तिथं सुरू झालं. ‘मागील बाकी’ किंवा ‘जुन्या वहीतून’ अशी ओळ दिसली तर अजून मागं कुठं तरी एक वही होती, आणि हाती असलेली वही १९३८ ची किंवा त्याआधीची असेल तर तुमचं पाटीवरचं साल खोटं ठरलं.

आता साल वाचायची गोम. वहीवर इसवी सन क्वचितच असतो. वर ‘श्री’, मग शके किंवा संवत, मग मिती, म्हणजे महिना-तिथी. शके १८६० असेल तर ७८ मिळवा, १९३८ येतात. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या मितींना ७९ मिळवायचे. संवताला मात्र सांभाळा. आपल्याकडे बऱ्याच व्यापाऱ्यांची वही दिवाळीच्या पाडव्याला, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलते. त्यांचा संवत १९९५ सुरू होतो १९३८ च्या दिवाळीत. पण राजस्थानातून आलेल्या काही घरांचा संवत चैत्रापासून धरतात, आणि त्यांचा १९९५ लागतो १९३८ च्या मार्च-एप्रिलमध्येच. म्हणजे ‘संवत १९९५ वैशाख’ अशी एकच ओळ एका दुकानात १९३८ चा उन्हाळा असते आणि शेजारच्या दुकानात १९३९ चा. मी सुरुवातीला एका घरची अख्खी वही वर्षभरानं चुकीची लावली होती. लक्षात आलं ते वारामुळे. मितीजवळ वार लिहिलेला असतो, तो जुन्या पंचांगाशी ताडून पाहा. मिती आणि वार दोन्ही जुळले तर साल बरोबर, वार सरकला तर साल सरकलं. अधिक महिना सापडला तर त्याहून पक्कं, कारण तो दरवर्षी येत नाही.

लिपीचं म्हणाल तर तुमच्या घराण्याची वही मोडीत असणार. मोडी महिना-दीड महिन्यात वाचण्यापुरती येते. तीही दुकानाची मोडी सोपी, कारण शब्द तेच ते फिरतात: गूळ, मीठ, घासलेट, सुपारी, जमा, नावे, बाकी. दप्तरातल्या मोडीसारखी ती दमवत नाही. शेजारच्या मारवाडी दुकानाची वही हाती आली तर ती महाजनीत असेल, आणि तिला काना-मात्रा नसतात. ‘काकाजी अजमेर गए’ हे पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गए’ असं वाचलं आणि रडारड झाली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ती वही त्यांच्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून वाचून घ्यावी, आपण डोकं लावू नये.

आकड्यांच्या मागं रेघा दिसतील. उभी रेघ म्हणजे चार आणे, आडवी रेघ म्हणजे एक आणा. तीनच्या आकड्यापुढे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा असतील तर ते तीन रुपये दहा आणे. वजनातही उभी रेघ म्हणजे पाव. मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि या रेघा हळूहळू नाहीशा झाल्या. त्या वर्षीची रोकड, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, जरूर पाहा, गंमत आहे. आण्याचे सव्वासहा पैसे व्हायला हवेत, पण सुटा आणा द्यायचा तर सहाच नवे पैसे मिळायचे. सोळा वेळा एकेक आणा दिला की रुपयाचे शहाण्णवच पैसे होतात. आमच्या रोकडीत त्या उन्हाळ्यात ‘पैसाफरक’ नावाचं एक खातंच उघडलेलं आहे. पुढच्या वर्षापासून टप्प्याटप्प्यानं किलोची वजनं आली. जुना शेर ९३३ ग्रॅमचा. किलो त्याहून मोठा, म्हणून किलोचा भाव जास्त, आणि गिऱ्हाईक म्हणे की शेठनं गूळ महाग केला. वडील सांगत, दोन वर्षं दोन्ही वजनं गल्ल्याखाली ठेवावी लागली. सरकारी माणूस आला की लोखंडी किलो वर, म्हातारी आली की शेर वर.

सुट्या कागदांचाही उपयोग होतो. वहीत दुमडून ठेवलेले परवाने, मुद्रांकाचे तुकडे, सरकारी पावत्या जपून काढा. त्यांच्या माथ्यावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेल तर कागद १९५० च्या आधीचा किंवा त्या सुमाराचा. ‘मध्यप्रदेश’ असेल तर १९५६ पर्यंतचा, ‘मुंबई राज्य’ असेल तर १९५६ ते ६० मधला. पुढे महाराष्ट्र. दुकान जागचं हललं नाही, पण तीन वेळा राज्य बदलून बसलं. आणि एकाच वर्षाच्या दोन रोकडी निघाल्या, एक जाड आणि एक पातळ, तर दचकू नका. मध्यप्रांत-वऱ्हाडचा विक्रीकर कायदा १९४७ चा. त्यानंतर बऱ्याच दुकानांत कच्ची, म्हणजे खरी, आणि पक्की, म्हणजे करवाल्यांना दाखवायची, अशा दोन वह्या नांदू लागल्या. इतिहासासाठी कच्ची वापरा.

इथवर झाली अवजारं. आता मुख्य गोष्ट.

रोकड वही बाजूला ठेवा आणि खतावणी उघडा, म्हणजे ज्या वहीत माणसागणिक खातं असतं ती. आपल्या भागातलं दुकान हे माल विकण्याचं ठिकाण कमी आणि कापूस येईपर्यंत गाव जगवण्याचं ठिकाण जास्त होतं. दुकानातला माल कोणता हे महत्त्वाचं नाही असं नाही, पण मीठ-गूळ-घासलेट सगळीकडेच मिळत होतं. कोणत्या दुकानदारानं कोणाला, कोणत्या महिन्यापर्यंत आणि कशाच्या भरवशावर दिलं, यात दुकानादुकानाचा फरक होता. तुमच्या आजोबांचा स्वभाव तुम्हाला तिथंच भेटेल.

एक खातं घ्या आणि वर्षभर त्याच्यासोबत चाला. मृग लागला की नावे बाजूला, म्हणजे उधारीच्या बाजूला, ओळी सुरू. आधी दोर, वेसण, विळा, मग तिखट-मीठ. आखाड-श्रावणात ओळी दाट होतात. घरातली ज्वारी संपलेली, निंदणाच्या बायांना मजुरी द्यायची, हातात पैसा नाही. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एकेका खात्यावर मोठी रक्कम चढते: बैलाच्या शिंगांना रंग, बेगड, घुंगरू, झुलीचं कापड, पुरणासाठी डाळ-गूळ. घरात काही नसलं तरी बैलाचं राहू नये, ही इथली रीत. पोळ्याला उधार नाकारणारा दुकानदार गावात टिकत नसे. मग महालक्ष्म्या, दसरा. दसऱ्यानंतर सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची पूजा, होतं, कापसाचा पहिला वेचा निघतो, आणि पहिल्यांदा जमा बाजूला एखादी ओळ उमटते. नोव्हेंबर ते संक्रांत जमाच जमा. फेब्रुवारीत तूर येते, बाकी उतरते. गुढीपाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल बदलतं, त्याचा हिशेब होतो, आणि जे उरतं ते वही बदलली की नव्या वहीत ‘मागील बाकी’ म्हणून चढतं.

“शेठ, लिहून ठेव, कापूस निंगाला की देतो.” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. त्यावर दुकानदाराच्या मनात चालणारा हिशेब असा: याच्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या पिकाला, पाणी कसं आहे, बैल कोणाचे, घरात लग्न आहे का, आणि मागच्या साली यानं संक्रांतीच्या आत दिलं की शिमग्याला. आमचे वडील पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सायकलवर चार गावांच्या शिवारातून फिरून यायचे. लोकांना वाटे शेठ वसुलीला आले. ते पीक पाहायला जात.

म्हणून मी तुम्हाला असं सुचवीन की दर पाच वर्षांनी एक वही घ्या आणि प्रत्येकीतून दहा खाती निवडून पाहा की बाकी कोणत्या महिन्यात सर्वांत चढते आणि कोणत्या महिन्यात उतरते. एवढं केलंत तरी गावाच्या शेतीचा इतिहास कागदावर येतो. आमच्याच वह्यांत मला दोन मोठी वळणं दिसली. तुमच्यात तीच असतील असं नाही, पण शोधून पाहा.

पहिलं वळण कापूस एकाधिकार योजनेचं, १९७२ चं. त्याआधी शेतकरी बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन जिनात (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) किंवा बाजारात जाई, अडत्याकडून पैसा घेई आणि परतताना दुकानाशी थांबे. बंडी रिकामी, खिसा भरलेला, दुकान वाटेवर. योजनेत कापूस सरकारी केंद्रावर द्यायचा. भावाची हमी आली हे चांगलं झालं, ते नाकारत नाही. पण केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागत, पैसे हप्त्यानं येत, आणि सोसायटीचं कर्ज आधीच कापून घेतलं जाई. शेतकऱ्याच्या हाती उरेल ते आणि जेव्हा येईल तेव्हा. आमच्या खतावणीत संक्रांतीची जमा त्या वर्षांपासून पुढं सरकत सरकत होळीवर, मग अक्षय तृतीयेवर गेली. म्हणजे सरकारनं उशिरा दिलेल्या पैशाचे महिने किराणा दुकानदारानं अंगावर घेतले, आणि दुकानदाराचे महिने अमरावतीच्या सक्करसाथ बाजारातल्या ठोकवाल्यानं, म्हणजे ठोक व्यापाऱ्यानं. त्या वर्षांत वडिलांना ठोकवाल्याचे तगादे येत. ती पोस्टकार्डं अजून माझ्याकडे आहेत, आणि त्यातली भाषा गोड नाही.

दुसरं वळण सोयाबीनचं. नव्वदीच्या आसपास आमच्या शिवारात सोयाबीन पसरलं. ते दसऱ्याच्या सुमारास निघतं, लगेच विकलं जातं. दिवाळीच्या आधी पहिल्यांदा जमा दिसू लागली. कापसाच्या भरवशावर दिवाळी उधारीत करणारी घरं नगदी किराणा भरू लागली. सोयाबीनमुळे जमिनीचं काय झालं हा वेगळा विषय, पण दुकानाचं वर्ष तीन महिने अलीकडे आलं ते त्यामुळेच. त्याच काळात बी-खत-फवारणीची कृषी केंद्रं वेगळी निघाली आणि मोठी उधारी तिकडे गेली. किराण्याकडे उरली ती बारीकसारीक.

वहीत जे नाही त्याचंही सांगतो, कारण तुम्ही बाई आहात आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त उमगेल. दुपारी दीड-दोनच्या सुमारास, गडीमाणसं शेतात असताना, बाया पदराखाली ज्वारी नाही तर तूर घेऊन दुकानात येत. पायलीभर ज्वारी द्यायची आणि तिच्या बदल्यात तेल, चहापत्ती, लेकीला रिबन, स्वतःला बांगड्या घ्यायच्या. “माह्या नावानं लिहू नको बाप्पा, बुड्याले मालूम पडन.” वडील लिहीत नसत. संध्याकाळी त्या ज्वारीचं एक वेगळं पोतं भरे, आणि रोकडीत ‘धान्य खरेदी, किरकोळ’ अशी एकच ओळ पडे. किरकोळ या एका शब्दाखाली निम्म्या गावच्या बायांचा खाजगी खर्च आहे. दुकानदाराचा त्यात फायदा होता हेही लिहा. बदल्याचा भाव बाजारभावापेक्षा कमी लागायचा, आणि बाई घासाघीस करायला थांबू शकत नसे.

आणखी एक गोष्ट वहीत नाही, आणि तिच्याबद्दल लिहायला मलाही जड जातं. आमच्या दुकानाला तीन पायऱ्यांचा ओटा होता. सगळे ओट्यावर येत नसत. आजोबांच्या काळात महारवाड्यातली माणसं पायरीखाली उभी राहत, पैसे पायरीवर ठेवत, आणि पुडी वरून हातात सोडली जाई. माप तेच, भाव तोच, वहीत खातंही तसंच, फक्त नावापुढे जात लिहिलेली. वही वाचून तुम्हाला वाटेल की दुकान सगळ्यांना सारखंच होतं. १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली, त्यानंतरच्या वर्षांत आमच्या गावातली तरुण पोरं सरळ ओटा चढून वर आली, आणि माझ्या वडिलांनी काही म्हटलं नाही. काही म्हटलं नाही याला मोठेपणा म्हणायचं की फक्त व्यापार, ते मी ठरवू शकलो नाही. तुमच्या गावात काय झालं ते बौद्धवाड्यात जाऊन विचारा. वडिलांना विचारलंत तर ते म्हणतील, आपल्याकडे तसं काही नव्हतं. माझ्या वडिलांनीही तेच सांगितलं होतं.

व्याजाचा विषय टाळू नका. उधारीवर उघड व्याज लावणारी दुकानं थोडी. भावातच ते मुरवलेलं असे. नगदीचा गूळ एका भावानं आणि लिहून नेलेला दुसऱ्या भावानं, हे एकाच दिवसाच्या रोकड आणि खतावणीत ताडून पाहता येतं. पण काही दुकानं पुढं गेली. पेरणीला बियाणं दिलं आणि सुगीला सवाईनं किंवा दिढीनं परत घेतलं, म्हणजे पायलीला सव्वा किंवा दीड पायली. मग बाकी फुगली, मग गहाणखत, मग मुदत खरेदी (मुदतीत फेडलं नाही तर विक्री कायम), आणि शेवटी शेत दुकानदाराच्या नावावर. १९३३ ला मध्यप्रांतात कर्ज तडजोडीचा कायदा झाला तो उगाच नाही. तुमच्या घरी दुकानासोबत शेतीही असेल, तर ती कोणाकडून आणि कशी आली ते फेरफाराच्या नोंदींत पाहा, आणि त्याच माणसाचं खातं खतावणीत शोधा. दोन्ही जुळले तर जे दिसेल ते लिहायची तयारी ठेवा. नसेल तयारी तर दुकानाचा इतिहास लिहू नका, आजोबांच्या आठवणी लिहा. तेही चांगलं काम आहे, फक्त नाव तसं द्या.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. खतावणीच्या शेवटच्या पानांत ‘बुडीत’ म्हणून यादी असते. मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची, पीक बुडालेल्यांची. आमच्या एका वर्षाच्या वहीत बुडीत रक्कम त्या साली ठोकवाल्याला द्यायच्या रकमेच्या जवळपास जाते. २००८ ला कर्जमाफी झाली, ती बँकांच्या कर्जाची. दुकानाच्या वहीला अशी माफी कोणी दिली नाही, दुकानदारानंच रेघ मारली तर मारली. आमच्याकडे घरधनी गेला की तेराव्यापर्यंत तगादा करायचा नाही अशी पद्धत होती. काही खात्यांवर तेराव्यानंतरही काही लिहिलेलं नाही. नुसती आडवी रेघ आहे. असं पान सापडलं तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा, शेत घेतल्याची आणि रेघ मारल्याची. एकाच हातानं दोन्ही केलेलं असतं.

‘धर्मादाय’ खातं चुकवू नका. दर पोत्यामागं थोडे पैसे या खात्यात जात आणि त्यातून पाणपोई, गोरक्षण, देवळाचा मंडप, यात्रेकरूंचा शिधा होई. पैसे बहुधा गिऱ्हाइकाच्या बिलातून जात आणि नाव शेठचं होई. गावातल्या एखाद्या पाणपोईच्या फरशीवर तुमच्या आजोबांचं नाव असेल, तर खरे देणारे या खात्यात आहेत.

मालाचं थोडक्यात सांगतो. वाचकांना हेच जास्त आवडतं हे माहीत आहे, म्हणून थोडं तरी घ्या, पण त्यात अडकू नका. तुमच्या घराण्यासाठी कळीचा माल तेल आहे. घाण्याचं जवस आणि तीळ विकणारं घर पुढं डब्यातलं तेल विकू लागलं, तो महिना वहीत सापडेल. घाणा बंद पडला तो त्याच्या आधी की नंतर, ते पाहा. डालडा देशात १९३७ ला आला, म्हणजे तुमच्या पाटीच्या सालाच्या एक वर्ष आधी. तुमच्या वहीत तो पहिल्यांदा कधी दिसतो? घासलेट, साखर, खारीक मुंबईकडून मूर्तिजापूरला मोठ्या गाडीनं येई आणि तिथून शकुंतलेनं, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं, कारंजा, दारव्ह्याकडे. ठेसनावर बिल्टी, म्हणजे रेल्वेची मालपावती, सोडवून बंडीनं दुकानात. बिल्टीच्या प्रती वहीत लावलेल्या असतील तर माल किती दिवसांत येई तेही कळेल. महायुद्धात साखर-घासलेट कंट्रोलमध्ये गेलं, आणि गाव अजून रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतं. पुढं १९८० नंतर एका रुपयाच्या शाम्पूच्या पुड्या आल्या, दोरीला टांगलेल्या. त्यांनी दुकानाचं रूप पाटीपेक्षा जास्त बदललं, कारण त्या कोणी उधार नेत नसे. शेजारच्या पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्राही नगदीच. नगदीची सवय गावाला अशा बारक्या वस्तूंनी लावली. जीएसटी आणि फोनवरचे पैसे फार नंतरचे.

आता कोणाला विचारायचं? दुकानदारांना शेवटी विचारा. आधी हमाल. दुकानात पोती वाहणारा माणूस कोणत्या शेठनं माप कसं भरलं आणि पासंग, म्हणजे तराजूतला खोट, कुठं होता हे सगळं जाणतो, आणि आता त्याला कोणाची भीती नाही. मग दुकानातला जुना नोकर. मग ज्या घरांचं खातं पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याकडे होतं त्या घरातल्या म्हाताऱ्या. त्यांना ‘इतिहास सांगा’ म्हणू नका, गप्प बसतील. वहीतलं त्यांच्या घरचं पान वाचून दाखवा: ‘पोळा, झूल एक, बेगड चार आण्याचा.’ लगेच बैलाचं नाव सांगतील, आणि तिथून पुढं थांबायच्या नाहीत. फक्त बाकीची रक्कम वाचू नका. ती सासऱ्याची असते, आणि सून बाजूला बसलेली असते.

छापताना खातेदारांची नावं देऊ नका. ते गावातच राहतात, त्यांची पोरं एकमेकांच्या वर्गात आहेत. नावाऐवजी ‘चार एकरवाला’, ‘सालदार’, ‘गाडीवान’ असं लिहा. तुमच्या घरचं नाव मात्र लपवू नका, वही तुमची आहे.

कागद टिकवण्याचं: वह्या उन्हात वाळत घालू नका, शाई उडते. सावलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा, मऊ कुंच्यानं धूळ झाडा, कडुलिंबाचा पाला घालून सुती कपड्यात बांधा. प्लास्टिकमध्ये नको, घाम सुटतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, त्यानं कागद कायमचा जातो. फोटो काढताना आधी वहीचं पुठ्ठं, मग पहिलं पान, मग क्रमानं. पानांचे नुसते तुकडे काढलेत तर महिन्याभरात कोणती खतावणी कोणत्या सालाची ते तुम्हालाच सांगता येणार नाही. लाल पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कधी कधी कापसाचे भाव पेन्सिलीनं लिहिलेले असतात, तिथं नक्की पाहा.

पहिल्या वहीची पंधरा-वीस पानं फोटो काढून पाठवा, मोडी मी लावून देतो. वार आणि मिती एका पानावर दिसतील असे फोटो घ्या. आणि तुमच्याकडचा जुना हमाल अजून असेल तर त्याला दसऱ्याच्या आत गाठा. जिन सुरू झालं की तो रात्री दहाशिवाय घरी सापडायचा नाही.